कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली

शाळेत मी खिचडी शिजवली. बावीस वर्षं. त्यातली शेवटची काही वर्षं कॉम्प्युटरच्या खोलीची किल्लीही माझ्याच कमरेला होती. हा अंक काढणाऱ्या ताई माझ्या भाचीच्या ओळखीच्या. त्या म्हणाल्या, "मावशी, शाळेतल्या गमती लिहा. दिवाळीत लोकांना हसायला आवडतं." गमती आहेत, त्या आधी सांगते. पुढचं हसण्यासारखं नाही. पण ते गाळून लिहायचं असतं तर मी पेन हातात घेतलंच नसतं.

मी चौथीपर्यंत शिकले. वाचता येतं, लिहिता येतं, अक्षर वळणदार आहे. शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची, खांब गावाच्या अलीकडे हायवे सोडून आत गेलं की लागते. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर गावातली माणसं आधी माझ्या घरी येतील, आणि मला या वयात कोणाशी भांडायचं नाही.

खिचडीचं काम सांगण्यासारखं काही नाही. तांदूळ निवडायचा, धुवायचा, मोठ्या टोपात डाळ, हळद, मीठ घालून शिजवायचा. गुरुजींनी आधी चव बघायची, वहीत तसं लिहायचं, मग पोरांना वाढायचं. शेवटी टोप घासायचा, आणि तो टोप घासताना माणसाची कंबर जाते. लोकांना वाटतं शाळेत शिपाई असतो. आमच्यासारख्या शाळेत शिपाई नसतो. तीन शिक्षक, सत्तर-पंचाहत्तर पोरं आणि खिचडीवाली. घंटा कोण वाजवणार, कुलूप कोण लावणार, पोराने उलटी केली तर माती कोण टाकणार? खिचडीवाली. माझं घर शाळेच्या कुंपणाला लागून, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नव्हती.

कॉम्प्युटर रोह्याकडच्या एका कंपनीने दिले. दहा. टेम्पोतून आले, भाताच्या पेंढ्यात नाही तर थर्माकोलात गुंडाळून. कंपनीच्या माणसांनी खोलीला रंग दिला, टेबलं मांडली आणि बाहेरच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत रंगवून घेतलं, "संगणक शिक्षण, प्रत्येक मुलासाठी." उद्घाटनाला साहेब आले, फीत कापली, पेढे वाटले. जाताना मुख्याध्यापक प्रधान सरांना बजावून गेले, "हे महाग आहे, सांभाळा." प्रधान सर रोह्याचे, वरसेला फ्लॅटमध्ये राहायचे, मोटरसायकलवरून यायचे. माणूस वाईट नव्हता. घाबरट होता. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "मावशी, यातलं काही बिघडलं तर माझी नोकरी आणि तुमची खिचडी."

तेवढ्यावर मी त्या खोलीची राखणदार झाले. काम असं. खोली झाडायची पण पाणी मारायचं नाही. मशीनवरची कापडं काढून झटकायची, ती बाहेर, आत नाही. भिंतीवरचं मोठं बटण आधी, मग बॅटरीचं, मग मशीनचं. बंद करताना बरोबर उलटं. बॅटरी कशाला, तर लाईट गेली की मशीन एकदम मरू नये, पाच-दहा मिनिटं धुगधुगी राहावी. एवढं मला आठ दिवसांत आलं. पुढची विद्या सरांकडे होती आणि सरांचीही फार नव्हती. ते पोरांना चित्र काढायला आणि नाव टाइप करायला शिकवायचे. त्यापुढे गेलं की म्हणायचे, "हे पुढच्या तासाला."

पहिल्या वर्षी खंडेनवमीला मी पूजा केली. आमच्याकडे त्या दिवशी कोयता, विळा, नांगर, जे हाताला लागेल त्याची पूजा होते. मला वाटलं, ही तर शाळेची हत्यारं. दहाही मशीनना हळदकुंकू वाहिलं, फुलं ठेवली. माऊसला वाहिलं, बटणांच्या पाटीलाही वाहिलं. दुसऱ्या दिवशी चार मशीनची बटणं दाबली की वर येईनात. कुंकू आत गेलं होतं. रोह्याहून दुरुस्तीवाला आला, त्याने पाटी उलटी करून आपटली, टेबलावर लाल रांगोळी पडली. तो म्हणाला, "मावशी, याचं लग्न लावलंत काय?" सर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग उंदीर. माझी तांदळाची कोठी आणि कॉम्प्युटरची खोली यांची भिंत एकच. माझ्या तांदळावर पोसलेले उंदीर पलीकडे जाऊन वायरी कुरतडायला लागले. सर म्हणाले औषध टाका. मी म्हटलं, शेजारी पोरांचं अन्न शिजतं, औषध नाही टाकणार. मी मांजर आणली. उंदीर गेले. मांजरीला मात्र बॅटरीचा डबा आवडला, तो गरम राहायचा. तिने त्याच्यावर तीन पिल्लं घातली, आणि नेमकी त्याच दिवशी कंपनीची बाई तपासणीला आली. तिने वहीत काय लिहिलं मला माहीत नाही, पण जाताना एक पिल्लू घेऊन गेली.

गमती एवढ्याच.

त्या खोलीचा एक नियम होता. पाय स्वच्छ असल्याशिवाय आत जायचं नाही. धुळीने मशीन खराब होतात असं कंपनीवाले सांगून गेले होते, सरांनी त्याचा नियम केला आणि नियम चालवायला मला दारात उभं केलं. पोरांनी रांगेत यायचं, चपला काढायच्या, तळवे दाखवायचे, मी मान हलवली की आत. नियम सगळ्यांना सारखा होता. पण गावातल्या पोरांना चपला होत्या, आणि वाडीवरच्या पोरांना नव्हत्या. वाडी म्हणजे कातकऱ्यांची वाडी, ओढ्यापलीकडे. तिकडची अकरा पोरं शाळेत होती. ओढा ओलांडून, बांधावरून, चिखलातून अनवाणी यायची.

त्यातली एक रंजी. रंजना हिलम. कॉम्प्युटर आले तेव्हा पाचवीत होती. काळी, काटक, डोळे सगळीकडे. पंगतीत कोण आलं नाही हे सरांच्या हजेरीआधी ती मला सांगायची. "मावशी, आज सहासष्ट. चौघं तापाने हायेत, दोघं मामाकडं." मी तेवढेच तांदूळ टाकायचे. कधी चुकली नाही.

पहिल्याच पावसात ती कॉम्प्युटरच्या रांगेत आली. मी म्हटलं, "पाय दाखव." घोट्यापर्यंत चिखल. म्हटलं, "धुऊन ये."

बोअरिंगचा हातपंप पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला. ती गेली, धुऊन आली. येताना पटांगणातला चिखल लागलाच.

"हे काय गो?"

"धुतलं मावशी."

"मग हे काय, मेंदी?"

पोरं हसली. ती परत गेली, परत धुतले, या वेळी टाचांवर चालत आली. टाचा भरल्या होत्या. पोरं आणखी हसली. मीही हसले. ती तिसऱ्यांदा बोअरिंगकडे निघाली तेवढ्यात तास संपला. त्यानंतर ती रांगेत कधी आली नाही. वाडीवरची बाकीची पोरं तर त्याआधीच शहाणी होऊन बाजूला बसली होती.

माझ्या कोठीत तांदळाची पंधरा रिकामी पोती पडलेली असायची. एक दारात टाकलं असतं तर प्रश्न मिटला असता. ते मला सुचलं नाही असं लिहिणार होते. सुचलं होतं. पण पोतं टाकलं की अकरा पोरं आत येणार, आणि नंतर सगळी फरशी मला ओणवं होऊन पुसावी लागणार, तीही कोरड्या फडक्याने. कंबर दुखत होती. मी पोतं टाकलं नाही.

रंजी मग मागच्या खिडकीशी उभी राहायची. गज धरून. आत बसलेल्या पोरांच्या पाठी खिडकीकडे असत. मी दोनदा हाकललं, तिसऱ्यांदा सोडून दिलं.

आता वही. कंपनीची अट होती की कोणतं मूल किती वेळा कॉम्प्युटरवर बसलं याची वही ठेवायची. प्रत्येक मुलाच्या नावापुढे आठवड्याचे दोन खाने. भिंतीवर "प्रत्येक मुलासाठी" लिहिलेलं, त्यामुळे वहीत प्रत्येक मूल दिसायला हवं होतं. सरांना शाळेचे दुसरे कागद इतके की त्यांनी ती वही माझ्याकडे दिली. "तुमचं अक्षर चांगलं आहे, मावशी. गावातली पोरं बसतात तसं लिहा. वाडीवरच्यांचं भरून टाका."

मी भरून टाकलं. गावातल्या पोरांचं खरं लिहायचे. एखादा आजारी असला, एखादा लग्नाला गेला, एखाद्याचं मशीन बंद पडलं, की खाना मोकळा राहायचा. वाडीवरच्या पोरांचं बघायलाच काही नव्हतं. महिन्याच्या शेवटी भांडी झाली की पाय पसरून बसायचे आणि एका दमात सगळे खाने बरोबरची खूण करून भरायचे. दिवाळीनंतर ती पोरं आईबापांबरोबर वीटभट्टीवर जायची, होळीपर्यंत गावात नसायची, तरी माझ्या वहीत ती कॉम्प्युटर शिकत होती.

रंजी सातवीत आली. वाडीवरची सातवीत ती एकटीच उरली होती, बाकीची गळली. तो श्रावण होता. कंपनीचं पत्र आलं. पेणजवळ एक निवासी शाळा, आठवी ते बारावी, राहणं-जेवण-पुस्तकं सगळं कंपनीचं. प्रत्येक गावच्या शाळेतून सातवीतलं एकच मूल चाचणीला बोलवायचं, आणि ते मूल कंपनीने वहीवरून निवडलेलं. ज्याची कॉम्प्युटरची हजेरी सगळ्यांत जास्त, ते.

आमच्या शाळेतून नाव आलं, रंजना हिलम. दोन वर्षांत एकही खाना मोकळा नाही.

सर पत्र घेऊन चुलीजवळ आले. चेहरा पांढरा. म्हणाले, "मावशी, हे काय करून ठेवलंत?"

मी म्हटलं, "तुम्ही सांगितलं ते."

ते पाटावर बसले. माणूस कधी माझ्या चुलीपाशी बसला नव्हता. म्हणाले, "तिला पाठवलं तर सगळं बाहेर येईल. मशीन परत नेतील. चौकशी लागेल. आपण कळवू, ती आईबापांबरोबर भट्टीवर गेलीय. मग दुसरं नाव येईल, पोलीस पाटलांच्या नातीचं. तिला येतं तरी."

"सर, श्रावणात कुठली वीटभट्टी चालते? पावसात विटा कोण पाडतो?"

त्यांनी पत्र घडी घालून खिशात ठेवलं.

पाटलांच्या नातीला खरंच येत होतं. मेहनती पोर होती. तिचं जाणंही काही अन्यायाचं नव्हतं. पण ती नाही गेली तरी तिचा बाप तिला रोह्याच्या शाळेत घालणार होता, आणि पुढे घातलीही. रंजीला सातवीनंतर काय होतं? हायस्कूल लांब. दिवाळीनंतर भट्टी, आणि दोन वर्षांत लग्न. तिच्या आईचं तसंच झालं होतं.

मी रंजीला बोलावलं आणि सगळं सांगितलं. वहीचंही सांगितलं. ती तांदूळ निवडता निवडता ऐकत होती. म्हणाली, "माजं नाव तुमी लिवलं?"

"हो."

"भट्टीवर होते तवा पण?"

"तेव्हा पण."

तिला हसू आलं. मग म्हणाली, "मला जायचंय, मावशी. तितं बारावीपतूर जेवाय देतात ना?"

"देतात."

"मग मला शिकवा."

चाचणीला नऊ दिवस होते. सर सुरुवातीला नाही म्हणाले, मग म्हणाले शाळा सुटल्यावर तासभर मी शिकवीन. त्या माणसाने शब्द फिरवला नाही, हे मला लिहिलं पाहिजे. पाणी फिरवलं ते दुसऱ्यानेच. हायवेचं काम आमच्याकडे किती वर्षं चाललंय ते या भागातल्या माणसाला सांगायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी हायवेवाल्यांच्या जेसीबीने लाईटचा खांब पाडला. सगळं गाव अंधारात. वायरमन म्हणाला, खांब पेणहून यायचाय. मशीनच्या बॅटऱ्या दोन वर्षांत बसल्या होत्या, त्यांत धुगधुगीही नव्हती. सरांचा लॅपटॉप त्यांच्या मुलीकडे पुण्याला. रंजीला रोह्याला नेऊन कुठेतरी बसवावं असं सर म्हणाले, पण त्याच आठवड्यात ओढ्याला पूर आला, आणि दोन दिवस ती शाळेतच पोचली नाही.

बाकीचे दिवस आम्ही बंद मशीनवर शिकलो. हे वाचून तुम्ही हसाल. हसा. सर एबीसीडीची बटणं दाखवून जायचे, मग आम्ही दोघीच. समोर काळा पडदा, त्यात तिचं तोंड आणि मागे माझं. ती एकेक बटण शोधून नाव बडवायची. दोन दिवसांत न बघता बडवायला लागली. मग माऊस हातात घेतला.

"मावशी, हे हलवलं की काय होतं?"

"समोर बाण हलतो."

"किती?"

"मला काय माहीत गो? मी कधी हलवलाय?"

"खिडकीतनं बाण दिसायचा," ती म्हणाली. "पोरांचा हात नाय दिसायचा. पाठ आडवी यायची."

ती बंद पडद्यासमोर माऊस फिरवत राहिली. कुठे गेला असेल ते मनाशी धरून.

चाचणीच्या दिवसापर्यंत लाईट आली नाही. सरांना म्हटलं, तुम्ही चला. ते म्हणाले, मला नको, मला काही विचारलं तर माझ्याने खोटं बोलवणार नाही. तिचा बाप मासे धरायला खाडीकडे गेला होता, आईचं तान्हं पोर. मग मीच गेले. रंजीने भाचीच्या पोरीचा फ्रॉक घातला, मी माझ्या चपला तिला दिल्या, पुढून दोन बोटं जागा राहिली. एसटीत बसलो. पेण आलं तशी ती खिडकीतून गणपतीचे कारखाने बघायला लागली. ओळीने पांढऱ्या मूर्ती.

"मावशी, यांना डोळंच नाय अजून."

"काढतील. वेळ आहे."

"आमाला बी अजून तासभर हाय," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

हॉलमध्ये गारवा होता. तीसेक पोरं, प्रत्येकाला एक मशीन. आम्हा बरोबर आलेल्या माणसांना मागे खुर्च्या. घंटा झाली. पोरांनी माऊस धरले आणि टकटक सुरू झाली. रंजीने माऊस हलवला. बाण पडद्याच्या कडेला पळाला आणि दिसेनासा झाला. तिने आणखी जोरात हलवला. बाण येईना. मग तिने माऊस उचलला आणि पडद्याच्या जवळ नेला, उजेड दाखवायला कंदील धरतात तसा. मागे कोणीतरी फिसकन हसलं. तिने तो ठेवला आणि पडद्यावर बोट टेकवलं. एकदा, दोनदा, जोरात.

कंपनीची एक मुलगी तिच्यापाशी आली. वाकून बघितलं. मला तिचं बोलणं ऐकू आलं. "अगं, उत्तर बरोबर आहे तुझं. पण क्लिक कर ना."

रंजीने बोट तसंच ठेवलं. त्या मुलीने माऊस तिच्या हातात दिला, हातावर हात ठेवून एकदा दाखवलं, आणि पुढच्या मुलाकडे गेली. रंजीने एक उत्तर दिलं. मग दुसरं. दुसऱ्याला तिला जमायला लागलं होतं, ते मला पाठीवरून कळत होतं. तिसऱ्याला घंटा झाली.

संपल्यावर एकेकाला साहेबांच्या टेबलापाशी बोलावलं. साहेबांसमोर कागद. त्यांतला एक मी लांबून ओळखला, माझ्याच वहीची नक्कल होती. साहेब रागावलेले नव्हते. समजून घ्यायला बघत होते.

"रंजना, दोन वर्षं तू एकही तास चुकवला नाहीस. मग आज काय झालं? तुला खरंच शिकवलंय ना?"

ती टेबलाकडे बघत होती. माझ्याकडे बघितलं नाही.

"शिकवलंय," ती म्हणाली. "मी इसारले."

"सगळंच विसरलीस?"

"व्हय."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही कोण?"

"शाळेत खिचडी शिजवते."

"शाळेत शिकवतात ना व्यवस्थित?"

एवढाच प्रश्न होता. खरं सांगायला मला पाच शब्द पुरले असते.

मी म्हटलं, "शिकवतात."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं. काय लिहिलं ते पुढे पत्रात आलं. वाडीवरच्या मुलांना नियमित तास देऊनही प्रगती दिसत नाही, असं. सरांनी ते पत्र मला वाचून दाखवलं आणि फायलीत लावलं. कॉम्प्युटर शाळेतच राहिले.

येताना एसटीत ती मांडीवर माझ्या चपला घेऊन बसली होती, पायाला चावत होत्या म्हणून. नागोठणं गेल्यावर मी विचारलं, "का गो तसं बोललीस? खरं सांगायचंस. वही माझी होती."

"खरं बोलले असते तर तुमाला काडून टाकलं असतं."

"टाकू देत. तुला काय त्याचं?"

"दुसरी बाय आली असती." ती बाहेर बघत होती. "तुमी आमाला पोटभर वाडता. आमच्या पोरांना दुसऱ्यांदा पण वाडता. ती कशी असंल, काय म्हाईत? सखू अजून चौथीत हाय."

सखू तिची धाकटी बहीण.

मला आयुष्यात पुष्कळ जण बोलले आहेत. नवरा बोलला, सासू बोलली, सर बोलले. त्याचं मला काही वाटलं नाही. त्या पोरीने मला बोल लावला नाही, हिशेब केला. बारावीपर्यंतचं तिचं एकटीचं जेवण, की वाडीवरच्या सगळ्यांची खिचडी. आणि पंगतीच्या मोजणीत ती कधी चुकायची नाही.

चाचणीनंतर तीन दिवसांनी लाईट आली. मी मोठं बटण लावलं, मशीन सुरू केलं, आणि खिचडी चुलीवर ठेवून ओढा ओलांडून वाडीवर गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गेले. रंजी गवताचा भारा बांधत होती.

म्हटलं, "लाईट आली. चल. शिकवतात सर."

ती म्हणाली, "आता कशाला, मावशी?"

मी उभी राहिले. ती भारा बांधत राहिली. मग तिने झोपडीत हाक मारली. सखू आली, नाक पुसत. रंजीने तिला माझ्याकडे ढकललं.

"हिला न्या," ती म्हणाली. "पण हिला आदी बसवा, मंग नाव लिवा."

मी सखूला घेऊन आले. दारात पोतं टाकलं. त्या दिवशी वाडीवरची सगळी पोरं आत बसली आणि संध्याकाळी मी फरशी पुसली. कंबर मोडली. सर दारात आले, पोत्यावरच्या पायांच्या खुणा बघून परत गेले. त्या महिन्यात सखू चार वेळा बसली. मी चार खुणा केल्या.

दिवाळी झाली. वाडी भट्टीवर गेली. रंजी गेली, सखूही गेली. होळीनंतर सखू परत आली. रंजी नाही, तिला तिकडेच कुठे दिली होती.

मार्चअखेरीला कंपनीकडे वही पाठवायची होती. सरांनी पानं चाळली. सखूच्या नावावर थांबले.

"मावशी, हे खाने रिकामे दिसतायत."

मी म्हटलं, "रिकामे आहेत, सर. म्हणून दिसतायत."